जिओजेब्रा: दहावीच्या गणितासाठी जूनपासून वापरल्यावर

मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला आहे. जूनमध्ये माझ्या जुन्या मोबाइलवर तिला जिओजेब्रा हे आलेख आणि भूमितीचं ॲप घालून दिलं. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की आलेख काढायला नेट लागत नाही. पावसात आमच्याकडची रेंज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून माझ्या लेखी हीच मोठी गोष्ट. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या माणसाने २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना याची सुरुवात केली.

पैसे वसूल (नसलेले!) झाले ते वर्गसमीकरणात. एक्सचा वर्ग वजा सहा एक्स अधिक सी एवढं टाइप केलं की सीसाठी सरकपट्टी आपोआप येते. सी ८ ठेवला तर वक्र एक्स-अक्षाला २ आणि ४ वर छेदतो. ९ केला की ३ वर नुसता टेकतो. १० केला की अक्षाला न शिवता वरच लटकतो. विवेचक (बी वर्ग वजा चार एसी) अनुक्रमे ४, ० आणि उणे ४. पोरगी बोटाने पट्टी मागेपुढे करत बसली आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे वास्तव मुळं नाहीत म्हणजे हे खाली पोचतच नाही होय?" हे सूत्र तिला आधीही तोंडपाठ होतं, पण ते कशासाठी काढायचं हे त्या संध्याकाळी कळलं.

निर्देशक भूमितीत मात्र जपून. (२, ३) आणि (७, ११) मधलं अंतर विचारलं की ते ९.४३ दाखवतं, पेपरात √८९ लिहायचं असतं. म्हणून घरात नियम केला: बटण दाबायच्या आधी अंदाज सांगायचा. नवाचा वर्ग ८१, दहाचा १००, म्हणजे उत्तर साडेनवाच्या आसपास. मग दाबायचं. या सवयीचा फायदा ॲपपेक्षा जास्त झाला असं माझं मत.

फोटो काढून गणित सोडवणारं दुसरं एक ॲपही बघितलं. नाव घेत नाही. त्याने तिच्या हातचा ४ हा ९ वाचला, बापाचं वय मुलापेक्षा कमी काढलं आणि वर पायऱ्या व्यवस्थित मांडून दिल्या. शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडणं हीच खरी मेहनत, तिथे त्याचा उपयोग शून्य. काढून टाकलं.

एक गोष्ट जिओजेब्रा शिकवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. स्क्रीनवर बोटाने लहानमोठं करता येतं, कागदावर नाही. पाच एक्स अधिक वाय बरोबर ५० ची रेषा तिने आलेख कागदावर १ सेंमी = १ एकक धरून सुरू केली आणि वाय-अक्ष कागदाबाहेर गेला. वाय-अक्षावर १ सेंमी = ५ एकक घ्यायचं हे कागद वाया घालवूनच समजतं. दिवाळीनंतर आलेख आधी कागदावर, मग पडताळायला मोबाइल, असा क्रम लावला.

सीमाभागातल्या पालकांसाठी वेगळं सांगतो. चंदगडला तिची मावसबहीण महाराष्ट्र बोर्डाची दहावी करते, तिने मराठी व्हिडिओंची यादी पाठवली. शिकवतात छान, पण तिकडे बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, इकडे गणिताचा एकच ८० चा आणि २० अंतर्गत. तिकडे निर्देशक भूमितीत रेषेचा चढ आहे, बीजगणितात क्रेमरची पद्धत (निश्चयक काढून दोन समीकरणं सोडवायची) आहे. आमच्या पुस्तकात दोन्ही नाहीत. आमची पोरगी चार दिवस निश्चयक काढत बसली होती! व्हिडिओ लावण्याआधी धड्याची अनुक्रमणिका शेजारी ठेवा.

धाकटा सातवीत आहे, तोही मागतोय. त्याला इतक्यात देणार नाही. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, तर एकरात चौरस फूट साधारण किती, हे आधी तोंडी सांगू दे. परवा "चार लाख" म्हणाला.