जळक्या सागवानाचा सौदा : ४,९७,००० रुपये गेले, त्याची हकिकत

आगीत होरपळलेले जुने घर पूर्ववत करून देतो असे सांगत जो माणूस बोलावल्यावाचून दारात येतो, त्याला एक रुपयाही देण्यापूर्वी हा मजकूर वाचावा. आमच्याकडून अशा माणसाने ४,९७,००० रुपये घेतले, शिवाय अकरा सागवानी तुळया उचलून नेल्या, आणि मागे तीन लोखंडी गर्डर व ओल येणाऱ्या भिंती ठेवल्या.

सोलापूरच्या जुन्या गावठाणात आमचे माळवदाचे घर आहे. दगडमातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी आजोबांच्या काळची बांधणी. माजघरात धाकट्या भावाच्या टॉवेलांचे गठ्ठे होते. एप्रिलमध्ये जुन्या वायरिंगमधून ठिणगी पडली आणि सुती गठ्ठे रात्रभर धुमसत राहिले. ज्वाळा माजघरापुरत्याच राहिल्या, पण काजळी देवघरातील कोनाड्यांपर्यंत पोहोचली.

दुसऱ्याच दिवशी तो हजर झाला. आगीची खबर त्याला कोणी दिली हे आजही कळलेले नाही. हातात दुरुस्तीच्या छायाचित्रांची फाईल, तोंडी विम्याच्या कलमांची घोकंपट्टी आणि सगळे मिळून ६,८५,००० रुपयांचे अंदाजपत्रक. अशा माणसांची पद्धत सर्वांना ठाऊक असते आणि मलाही होती. आयुष्य चादरींच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेले आहे. पण ज्याच्या डोक्यावर अर्धवट जळालेले माळवद लोंबकळत आहे, ज्याची आई शेजाऱ्यांकडे झोपते आहे आणि ज्याला पावसाळा समोर दिसतो आहे, त्याने चार ठिकाणांहून दरपत्रके मागवावीत हा सल्ला सुरक्षित छपराखाली बसूनच देता येतो. आम्ही २,५०,००० रुपये बँकेतून आणि ९०,००० रुपये रोख दिले. रोख रकमेची पावती त्याने 'उद्या' देतो म्हणून सांगितले.

खरा डाव कोणत्या क्षणी उघडा पडला होता, ते आता स्पष्ट दिसते. त्याच्याच सुताराने एका जळक्या तुळईवर वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) मारला. बोटाच्या पेराएवढा कोळसा खाली गळून पडला आणि आतून पिवळसर, तेलकट, सरळ रेषांचे लाकूड वर आले. धुराच्या त्या कोंदट वासातही सागाचा वास वेगळा जाणवला. सुतार म्हणाला, "मालक, लाकूड बरं आहे की." ठेकेदाराने त्याला तत्काळ चहा आणायला पिटाळले आणि माझ्याकडे वळून सांगितले, "काका, वरून टणक दिसतंय, आतलं तेल सगळं उडालंय. पावसाळ्यात डोक्यावर येईल." त्या सुताराला पुन्हा कामावर आणलेच नाही. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "गावाला गेला."

जाड सागवान बाहेरून जळत जाते आणि तेही सावकाश, साधारण दीड-दोन मिनिटांना एक मिलिमीटर या गतीने. वर तयार होणारा कोळशाचा थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. कोळसा तासून किती जाडी उरली ते मोजायचे आणि तेवढ्यावर भार पेलतो की नाही हे अभियंत्याकडून तपासून घ्यायचे, एवढाच खरा प्रश्न असतो. उलट, तुळयांच्या जागी गर्डर बसवताना हा गृहस्थ छातीठोकपणे सांगत होता की पुन्हा आग लागली तरी लोखंडाला काही होत नाही. लोखंडाची जवळजवळ निम्मी ताकद ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघून जाते, आणि घराला लागलेली आग तेथवर सहज पोहोचते.

आमच्या तुळया आठ बाय सहा इंचांच्या आणि बारा फूट लांब, म्हणजे प्रत्येकी चार घनफूट. तिन्ही बाजूंचा अर्धा इंच तासून काढला तरी अकरा तुळयांत ३४ घनफुटांहून अधिक चांगले लाकूड उरत होते. एका वखारवाल्याने जुन्या सागवानाचा भाव घनफुटाला २,८०० रुपये सांगितला, म्हणजे सुमारे ९६,००० रुपयांचा माल. ठेकेदाराने तो 'भंगार' म्हणून १८,००० रुपयांना धरला आणि ती रक्कम बिलातून वजा दाखवली. जळके लाकूड कितीही काळे दिसो, ते अंगणाबाहेर जाऊ देऊ नये.

धुराचे काम याहून वाईट झाले. धुराचा वास घालवण्यासाठी आणलेल्या ओझोनच्या यंत्राचे त्याने वेगळे ४२,००० रुपये घेतले. ते यंत्र एक रात्र घुमत राहिले, पण काजळी जागच्या जागी होती. काजळी तेलकट आणि आम्लयुक्त असते. ती आधी कोरड्या रबरी स्पंजने उचलावी लागते, नंतर साबणाच्या पाण्याने भिंत पुसावी लागते आणि शेवटी लाखेचे अस्तर मारल्यावरच रंग द्यायचा असतो. त्याच्या माणसांनी थेट ओल्या फडक्याने भिंती घासल्या, त्यामुळे काळेपणा चुन्यात मुरला. माजघरात त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, बाकीच्या खोल्यांत पुट्टी आणि डिस्टेंपर. कोरड्या मे महिन्यात घर नव्यासारखे दिसत होते, आणि त्या दिसण्यावर त्याने आणखी १,१५,००० रुपये उचलले. जूनच्या पहिल्या पावसात डिस्टेंपरमधून तपकिरी डाग फुटले आणि जळका वास परतला. सिमेंटमागे कोंडलेली ओल आता पोपडे काढते आहे. जुन्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवावे. डाग फुटले तोवर ठेकेदाराचा फोन बंद झाला होता.

पोलीस ठाण्यात तासभर बसवून ठेवल्यावर ऐकायला मिळाले, "काका, काम अर्धवट राहिलं म्हणजे दिवाणी वाद झाला. वकील गाठा." तुळया परत न करणे हा फौजदारीपात्र न्यासभंग (विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपणे) ठरू शकतो, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये, हे मी लिहून नेले होते, तो कागद उलटून पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. रोख ९०,००० रुपयांबद्दल विचारले, "पुरावा?" बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला होता आणि खाली छापलेला क्रमांक चौदाच अक्षरांचा होता, खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो; हे दाखवले तर कर खात्याकडे जा म्हणाले, आणि कर खात्याच्या खिडकीवर आधी पोलिसांत तक्रार करा असे सांगण्यात आले. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक विनामूल्य तपासता येतो, तो आगाऊ रक्कम देण्याआधीच तपासावा.

विमा कंपनीने तर कळसच केला. ७,२०,००० रुपयांच्या दाव्यावर २,६५,००० मंजूर झाले, कारण सर्वेक्षक येण्यापूर्वी जळालेले सामान हलवले गेले होते. ठेकेदाराने आम्हाला बजावले होते की मलबा काढल्याशिवाय विमावाले फिरकत नाहीत. कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारले तेव्हा तिथल्या मुलीने 'तुमच्या सोयीनुसार करा' असे सांगितले होते, आणि आता त्या संभाषणाची नोंद सापडत नाही म्हणतात. आमची पॉलिसी भारत गृह रक्षा आहे, जी १ एप्रिल २०२१ पासून सर्वच सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात अभियंत्याचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. म्हणजे त्या तुळया तपासायला अभियंता आणला असता तर त्याचे शुल्कही याच पॉलिसीतून मागता आले असते. पॉलिसी विकताना, दावा दाखल करून घेताना किंवा तो कापताना हे कोणालाही सांगावेसे वाटले नाही.

कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते आणि त्याला शुल्क लागत नाही. आमचा अर्ज तिथे गेला आहे. ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली असून पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही शुल्क नाही. पोलीस ठाणे गुन्हा नोंदवत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांना टपालाने लिहावे, पोच जपून ठेवावी, आणि त्यानेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

वखारवाल्यांना आणि जुने दरवाजे-चौकटी विकणाऱ्यांना एक विनंती आहे. आमच्या प्रत्येक तुळईच्या भिंतीत बसणाऱ्या टोकावर आजोबांच्या सुताराने १ ते ११ असे मराठी आकडे छिन्नीने कोरलेले आहेत आणि सातव्या तुळईवर पाळण्याच्या दोन कड्यांची भोके आहेत. असा माल कोणी विकायला आणला, तर तो घेऊ नये आणि आणणाऱ्याच्या गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा.