आबांची ज्ञानेश्वरी बांधून घेतली : पुण्यातल्या बायंडिंगचा अनुभव

जुन्या पोथ्या नीट बांधून देणारं कोणी आहे का असं मागच्या वर्षी मी दिसेल त्याला विचारत होते, तेव्हा कोणाकडूनच धड माहिती मिळाली नाही, म्हणून आता काम झाल्यावर सविस्तर लिहितेय. लांबलंय थोडं, पण ज्यांच्या घरी अशी पोथी आहे त्यांनी पूर्ण वाचा.

पोथी म्हणजे आमच्या आबांची ज्ञानेश्वरी. सार्थ, मोठ्या टायपातली. आबा मूळचे सातारा जिल्ह्यात खटावचे, मुंबईला गिरणीत लागले आणि पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून आधी आजीला लुगडं आणि मग ही पोथी घेतली. लालबागला चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा गाववाले राहायचे, पाळी संपवून आले की आंघोळ, कपाळाला बुक्का आणि पंचवीस ओव्या, मग बाकीचं जग. गळ्यात माळ होती, एकादशी कधी चुकली नाही, पण घरात मटण शिजायचं त्या दिवशी नारळ स्वतः खवून द्यायचे आणि पोथी घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचे, पोरांना खाऊ द्या म्हणायचे. आपली माळ दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही हे त्यांचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

आता मुद्दा असा की आबांनी डायरी कधी लिहिली नाही. जे काय लिहिलं ते या पोथीच्या समासात, पेन्सिलीने, त्या दिवशी जे पान चालू असेल त्याच्या कडेला. आत्याचा जन्म नवव्या अध्यायात आहे, "मुलगी झाली. पाऊस चांगला." एवढंच. पणजी गेली ते दुसऱ्या अध्यायात. १८ जानेवारी १९८२ ला "आजपासून संप". गिरण्यांचा तो संप, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक जण परत आत गेलेच नाहीत, आबापण नाही गेले. त्यानंतरच्या समासांत नुसती नावं आणि रुपये आहेत, कोणाकडून किती उसने घेतले ते, आणि मग पुढे वर्षानुवर्षं एकेका नावावर काट मारलेली, फिटले म्हणून. शेवटची काट १९९१ ची. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं, पप्पांनासुद्धा नाही, आबा गेल्यावर पोथी उघडली तेव्हा कळलं.

तर अशी पोथी घेऊन मी पहिल्या दुकानात गेले. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की तिन्ही बाजूंनी कटिंग मारावं लागेल, त्याशिवाय फिनिशिंग येत नाही, ३५० रुपये, संध्याकाळी घेऊन जा. कटिंग म्हणजे मशीनवर कडा सरळ कापतात. आबांचं निम्मं आयुष्य त्या कडेला होतं! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले मागची शिलाई कापून सुटी पानं करू आणि गरम ग्लू लावू. असं केलं की जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, जोर दिला की मधोमध तडकतं आणि पानं निघायला लागतात. तिसऱ्याने स्कॅन करून स्पायरल करा म्हणून सल्ला दिला. स्कॅन मी केलंच आहे, ते सगळ्यांनी कराच, पण पप्पांना रोज वाचायला हीच पोथी हवी होती.

शेवटी अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत एक बायंडर काका आहेत असं कळलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक लाकडी प्रेस, खळीचं पातेलं, बस्स. त्यांनी पोथी उघडायच्या आधी एकच विचारलं, रोज वाचणार की देव्हाऱ्यात ठेवणार? वाचणार म्हटल्यावर म्हणाले मग जुजबंदी (पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवून बांधणं) करावी लागेल, वेळ लागेल. नंतर पानं चाळली, समास बघितला आणि स्वतःहूनच म्हणाले, ह्याला कटर लागणार नाही. मी काही सांगितलं नव्हतं, ते पान त्यांनी वाचलंसुद्धा नव्हतं, नुसतं पेन्सिलीचं लिखाण दिसल्यावर म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

काम कसं केलं ते सांगते. आधी सगळे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले. आबांनी जागोजागी चिकटपट्टी लावलेली होती, ती पिवळी पडून कडक झालेली, ती थोडी ऊब देऊन हळूहळू सोडवली. डाग राहिलेत, ते जाणार नाहीत असं आधीच सांगितलं होतं. घडीवर फाटलेल्या पानांना आतून एकदम पातळ कागद लावला, त्यातून अक्षरं वाचता येतात. मग प्रत्येक फर्मा फितींवर दोऱ्याने शिवला. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, कसर लागू नये म्हणून. फेव्हिकॉल का नाही असं विचारलं तर म्हणाले, खळ पाण्याने सुटते, उद्या तुमच्या नातवाला परत बांधायची झाली तर त्याला कागद फाडावा लागू नये. वरून पुठ्ठा आणि कापड, रेक्झिन नको म्हणाले, ते काही वर्षांनी पापुद्रे सोडतं.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या पानाला लागला, पसायदानाच्या. आबांना ते पाठच होतं, पण आम्हा सातही नातवंडांना वाचायला त्यांनी त्याच पानावर बोट ठेवून शिकवलंय, आमच्या बोटांनी त्याचा कोपरा पार झिजून गेलेला. आधी जोडाक्षरं सोडून वाचायचं, मग जोडाक्षरांसकट. मी "विश्वात्मकें" ला अडायचे आणि आबा गप्प बसून वाट बघायचे, सांगायचे नाहीत. काकांनी तो कोपरा नवीन कागदाने भरलाय, पण रंग इतका जुळवलाय की बोट फिरवल्यावरच कळतं.

आणि एक गोष्ट. पोथीत ठिकठिकाणी वस्तू होत्या, वाळलेली तुळस, पंढरपूरचं एसटीचं तिकीट, माझ्या पहिलीच्या वहीचं पान. मी घाईत त्या काढून घ्यायला विसरले होते. काकांनी प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून वर पान नंबर लिहून परत दिली. कोणती वस्तू कुठल्या पानात होती हे आम्हाला कळलं ते त्यामुळेच. तिकीट बाराव्या अध्यायात होतं.

आता तक्रारी. पोथी श्रावणात दिली, भाद्रपद वद्य षष्ठीला म्हणजे ज्ञानेश्वरी जयंतीला हवी होती कारण आबा दरवर्षी त्या दिवशी पारायण संपवायचे. मिळाली नवरात्रात. पावसात खळ वाळत नाही, ओल राहिली तर बुरशी धरते, हे कारण खरं आहे आणि मला पटलंही, पण मग तारीख देताना सांगायला हवं होतं, घरी सगळ्यांना मी शब्द दिलेला आणि जयंतीला चौरंग रिकामा राहिला, आजी त्या दिवशी बोललीच नाही कोणाशी. फोन फारसा उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. कापड भगवं सांगितलं होतं, मिळालं मरून. आणि पातळ कागद लावल्यामुळे पोथी मागच्या बाजूला जाड झालीये, आबांच्या जुन्या बासनात बसेना. आजीने तिच्या लुगड्याची पट्टी जोडून बासन वाढवलं.

पैसे २,४०० झाले. कामाचे दिवस बघता मला अजिबात जास्त वाटले नाहीत. पोथी आता चौरंगावर सपाट उघडी राहते, हात धरून ठेवावं लागत नाही, पप्पा पहाटे चारला उठून वाचतात. आबांसारखा चढा आवाज नाही त्यांचा, पुटपुटतात.

काकांनी शेवटी चार कोरी पानं जास्तीची घातलीत, न विचारता. त्यातल्या पहिल्यावर पप्पांनी पेन्सिलीने आबांची तिथी लिहिली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. आणि खाली, "थंडी होती."

जाणार असाल तर पावसाळा सोडून जा, पोथी सुती कपड्यात न्या, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि देण्याआधी प्रत्येक पानाचे समासासकट फोटो काढून ठेवा. काका सोमवारी नसतात.