स्वस्त ऑसिलोस्कोप प्रोब: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सेकंडहँड स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे वेळेनुसार बदलणारं व्होल्टेज पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) घेतला की सोबत प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायच्या मोजणीच्या वायरी, येतीलच असं नाही. माझा चार चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झचा स्कोप आला तेव्हा खोक्यात फक्त पॉवर कॉर्ड होती. कंपनीचे मूळ प्रोब घ्यायचे म्हटलं तर चार प्रोबांत स्कोपच्या निम्मे पैसे जात होते. म्हणून पी६१०० असं छापलेले, सगळीकडे मिळणारे प्रोब घेतले. दोनाची जोडी हजार रुपयांच्या आतबाहेर पडली. या क्रमांकाखाली बऱ्याच बिननावी कारखान्यांचा माल येतो, त्यामुळे माझ्या पाकिटातला अनुभव तुमच्या पाकिटाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. घेतल्यावर तपासायचं कसं आणि उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत वापरून काय टिकलं, काय नाही, ते मात्र सविस्तर सांगता येईल.

काम कसलं ते आधी सांगतो, कारण प्रोब चांगला की वाईट हे कामावर ठरतं. सांगलीत विश्रामबागेत घराच्या वरच्या खोलीत माझं टेबल आहे. तासगावकडच्या द्राक्षबागांतले ठिबकचे कंट्रोलर, मोटरचे ऑटो स्विच, एलईडी ड्रायव्हर, आणि कॉलेजच्या मुलांचे आर्डुइनोचे प्रोजेक्ट असं सगळं येतं. फार वेगवान काही नाही. पण स्विचिंग सप्लाय (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा पुरवठा) रोजचाच, आणि प्रोबचा खरा कस तिथेच लागतो.

पाकीट उघडल्यावर स्कोपला लावायच्या आधी मल्टिमीटर घ्यावा. प्रोबचा स्विच १०एक्सवर (इथे सिग्नल दहाने भागला जातो, १एक्सवर जसाच्या तसा जातो) ठेवून टोकापासून बीएनसीच्या, म्हणजे स्कोपला जोडायच्या कनेक्टरच्या, मधल्या पिनेपर्यंत मोजलं तर ९ मेगाओहमच्या जवळ आकडा आला पाहिजे. स्कोपचा आतला १ मेगाओहम आणि हे ९ मिळून दहास एक अशी विभागणी होते, म्हणून हा आकडा जितका चुकेल तितकं व्होल्टेज चुकीचं दिसणार. तीन प्रोब ९च्या अगदी लगत निघाले. चौथा वायर हलवली की ९वरून एकदम ‘ओपन’ दाखवत होता. बीएनसीजवळ वायर जिथे वाकते तिथेच आत तुटलेली होती. विक्रेत्याने तो बदलून दिला, पण प्रोब लावून थेट कामाला बसलो असतो तर बोर्डातच दोष आहे समजून अर्धा दिवस गेला असता.

स्विच १एक्सवर टाकून तेच मोजलं की शून्याऐवजी दोन-अडीचशे ओहम दिसतात. नवीन माणूस इथे हमखास दचकतो. ते बरोबरच आहे. प्रोबच्या केबलची मधली तार मुद्दाम केसासारखी बारीक आणि रोध असलेली वापरतात, म्हणजे केबलच्या दोन टोकांत सिग्नल मागे-पुढे उसळत राहत नाही. तिथे सरळ शून्य ओहम दिसला तर उलट शंका घ्यावी, कारण मग आत साधी तांब्याची कोॲक्स (जाळीचं आवरण असलेली केबल) भरलेली असण्याची शक्यता आहे आणि १०एक्सलाही तो प्रोब चौकोनी लाटेच्या कडेवर थरथर दाखवेल.

त्यानंतर कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रोब आपल्या स्कोपच्या आतल्या कपॅसिटन्सशी (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेशी) जुळवून घेणं. स्कोपच्या तोंडावर १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट देणारी पट्टी असते, तिला प्रोब लावून बीएनसीजवळचा छोटा स्क्रू फिरवायचा. लाटेचा कोपरा गोलसर असला तर कमी पडतंय, कोपऱ्यावर शिंग उगवलं तर जास्त झालंय. काटकोन सपाट झाला की थांबायचं. सोबत येणारा प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा. लोखंडी पेचकस लावला की त्याची आणि हाताची कपॅसिटन्स मिसळते आणि पेचकस उचलला की लाट पुन्हा वेगळी होते. माझ्या स्कोपची इनपुट कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास आहे. काही स्वस्त प्रोबांची भरपाईची कक्षा इतक्या खाली येतच नाही, स्क्रू पूर्ण फिरवला तरी कोपरा सपाट होत नाही. म्हणून विकत घेताना बँडविड्थच्या (किती मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल नीट दिसतो त्या मर्यादेच्या) आकड्याआधी ‘कॉम्पेन्सेशन रेंज’ वाचायची, आणि आपल्या स्कोपचा आकडा तिच्या मध्यावर बसतो का ते बघायचं. हा प्रोब याबाबतीत पास झाला.

दोन प्रोब एकमेकांशी जुळतात का, हे मी एकाच लाटेवर दोन्ही लावून आणि स्कोपच्या मॅथ (गणिताच्या) सोयीत पहिल्यातून दुसरा वजा करून पाहतो. दोन्ही सारखे असतील तर पडद्यावर सरळ रेघ उरते. माझ्या दोन जोड्यांतली एक जवळपास सरळ होती. दुसऱ्या जोडीत प्रत्येक कडेवर बारीक टोक उरत होतं, स्क्रू कितीही जपून फिरवला तरी. त्यामुळे वजाबाकीचं मोजमाप असलं की पहिलीच जोडी वापरायची असं ठरवून टाकलं आणि त्यांना निळ्या रिंगा लावल्या.

आता वेग. १०० मेगाहर्ट्झ छापलेला प्रोब खरोखर तेवढा आहे का, हे १ किलोहर्ट्झच्या लाटेवर कळत नाही. त्यासाठी ७४एसी१४ ही सहा गेटांची एक आयसी घेतली. एका गेटचा ऑसिलेटर केला आणि उरलेली पाच गेटं प्रत्येकी २२० ओहममधून एकत्र जोडली, म्हणजे आउटपुट ५० ओहमच्या जवळ जातं. साठ-सत्तर रुपयांत दोनेक नॅनोसेकंदांची तीक्ष्ण कड मिळते. ती आधी कोॲक्सने ५० ओहमच्या टर्मिनेटरमधून (केबलच्या शेवटी लावायच्या रोधातून) थेट स्कोपला दिली, तेव्हा चढण, म्हणजे कडेला वर जायला लागणारा वेळ, ३.८ नॅनोसेकंद दिसली. मग तीच कड प्रोबने, टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावून बघितली, तर ४.५. हे आकडे सरळ वजा करायचे नसतात, वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढायचं. त्याने प्रोबचा स्वतःचा वाटा अडीच नॅनोसेकंदांच्या आत येतो. ०.३५ला चढणीच्या वेळेने भागलं की बँडविड्थ मिळते, म्हणजे १४० मेगाहर्ट्झच्या आसपास. छापलेल्यापेक्षा जास्तच! एवढ्या पैशांत हे मिळतं याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

पण हाच प्रोब, हीच कड, आणि स्प्रिंगच्या जागी सोबत आलेली काळी ग्राउंड क्लिप लावली, की पडद्यावर कडेनंतर चार-पाच उसळ्या दिसायला लागतात. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे असं म्हणायला हरकत नाही. ‘स्वस्त प्रोब आहे, रिंगिंग दाखवतो’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोष त्या १५ सेंटिमीटरच्या वायरीचा असतो. एका मिलिमीटर वायरीला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा. म्हणजे क्लिपची वायर १५० नॅनोहेन्री, आणि प्रोबच्या टोकाची कपॅसिटन्स १५ पिकोफॅरड. या दोघांचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला दोघं मिळून आपोआप डोलायला लागतात ती) १०६ मेगाहर्ट्झला येतो, बरोबर आपल्या स्कोपच्या मर्यादेवर. महागडा प्रोब आणला तरी तीच क्लिप, तेवढीच वायर, तोच रेझोनन्स. स्प्रिंगने ही वायर सेंटिमीटरभर उरली की तो ४०० मेगाहर्ट्झच्या वर पळतो आणि आपल्याला दिसेनासा होतो.

व्होल्टेज कमी करणारं एलएम२५९६चं निळं मॉड्यूल सगळ्यांकडे असतं, त्याच्यावर बघा. १५० किलोहर्ट्झला स्विच होतं. लांब क्लिपने मला आउटपुटवर २५० मिलिव्होल्टचे काटे दिसले, आउटपुट कपॅसिटरच्याच दोन पायांवर स्प्रिंगने टेकवलं तर ५०-६०. मॉड्यूल तेच, लोडही तोच. आणखी सोपी परीक्षा म्हणजे प्रोबचं टोक आणि क्लिप दोन्ही बोर्डाच्या एकाच ग्राउंडवर लावायची. तिथे व्होल्टेज काहीच असायला नको. तरीही काटे दिसले तर ते सप्लायचे नाहीत, तुमच्या वायरीच्या फाशाने हवेतून पकडलेले आहेत. कॉलेजचा एक मुलगा या काट्यांपायी चांगला कंट्रोलर बदलायला निघाला होता. त्याला हे करून दाखवलं तेव्हा म्हणाला, “काका, मग मी इतके दिवस वायरच मोजत होतो की!”

स्प्रिंग पाकिटात नसेल तर घरी होते. टिनचा मुलामा असलेली उघडी तार प्रोबच्या टोकामागच्या धातूच्या कड्यापेक्षा जरा बारीक ड्रिल बिटावर तीन-चार वेढे घट्ट गुंडाळायची आणि एक शेपूट सरळ पुढे काढायची. कड्यावर ती दाबून बसते. माझ्या चारही प्रोबांवर आता अशाच आहेत.

१एक्स आणि १०एक्सचं काय? मी स्विच बहुतेक वेळ १०एक्सवरच ठेवतो. १एक्सला टोकाची कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या घरात जाते आणि बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झच्या आसपास उरते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून कधीमधी इलेक्ट्रॉनिक तानपुरे येतात, त्यातली घरघर १०० हर्ट्झची आहे की दुसरी कसली हे बघायला १एक्स उत्तम, कारण मिलिव्होल्टचा सिग्नल दहाने भागला जात नाही. पण मायक्रोकंट्रोलरला ठोके देणाऱ्या १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर १एक्स लावला तर ऑसिलेटर बंदच पडू शकतो. १०एक्सलाही तिथे जपावं लागतं. ‘१० मेगाओहम’ हे डीसीपुरतं खरं, १६ मेगाहर्ट्झला १५ पिकोफॅरड म्हणजे जेमतेम ६६० ओहम. क्रिस्टल बघायचाच असेल तर मायक्रोकंट्रोलरच्या आउटपुटच्या पायावर बघा, इनपुटच्या नको.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. या प्रोबांवर ६०० व्होल्ट छापलेलं असतं. त्या आकड्यावर मी विसंबत नाही. वारंवारता वाढली की कुठल्याही प्रोबची व्होल्टेज क्षमता घसरते आणि इथे तर इन्सुलेशनचा भरवसा देणारं कोणी नाही. शेतातल्या ऑटो स्विचमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरने व्होल्टेज पाडलेलं असतं. त्या बोर्डाचं ‘ग्राउंड’ थेट मेन्सला जोडलेलं असतं, आणि स्कोपची क्लिप अर्थिंगला. क्लिप लावली की शॉर्ट. स्कोपची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात, तसं कधीही करू नका. मग स्कोपची पूर्ण बॉडी २३० व्होल्टवर, म्हणजे शिखराला ३२५ व्होल्टवर जाते. मी दुरुस्तीचा बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (बोर्ड मेन्सपासून वेगळा करणाऱ्या) घेतो, आणि मेन्सच्या बाजूचं काही बघायचं असेल तर डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरतो. तो महाग आहे, पण तिथे काटकसर करायची नाही.

टिकाऊपणाची गोष्ट मिश्र आहे. केबल चांगली राहिली. टोकावरच्या हुकाची प्लॅस्टिकची टोपी दोन प्रोबांत चिरली, आत स्प्रिंग सरकून हुक अर्धवट पकडायला लागला. एका क्लिपचा झाळ सुटला, रबर मागे ओढून पुन्हा झाळला. खरा त्रास १एक्स-१०एक्सच्या सरकत्या स्विचचा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची दमट हवा महिनाभर घरात बसते, तेव्हा दोन प्रोबांत स्विच हलका दाबला की रेघ वरखाली उडायला लागली. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून स्विच भरभर मागे-पुढे केला की ठीक होतं, पण पावसाळ्यात हे परत परत करावं लागलं. त्या दिवसांत कॉम्पेन्सेशनही मी दर आठवड्याला बघत होतो, आणि एका प्रोबाला थोडं फिरवावं लागलंही. आता चारही प्रोब झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. गुंडाळताना वेढे मोठे ठेवतो, बीएनसीजवळ वायर मोडून घालत नाही.

आता कोणी विचारलं की काय घेऊ, तर ५० मेगाहर्ट्झचा स्कोप असेल तर हाच पी६१०० घ्या, निर्धास्त. १०० मेगाहर्ट्झचा असेल तर थोडे पैसे वाढवून २०० मेगाहर्ट्झचा घ्या. कारण कागदावर १०० आणि १०० मिळून ७०च होतात: ३.५ नॅनोसेकंदांचा स्कोप आणि ३.५चा प्रोब मिळून चढण ४.९५वर जाते. प्रोब २००चा असला तर तीच ३.९. माझे चार १०० छापलेले असून १४० निघाले, पण पुढच्या पाकिटात तसेच निघतील यावर मी पैसे लावणार नाही. दुकानातूनच घ्यायचे असतील तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा आणि काउंटरवरच ९ मेगाओहम मोजून, वायर हलवून बघून घ्या.