रिफर्बिश्ड सोनी ए६००० : आठ महिने आणि एक आयकप

रविवारी सकाळी साडेसातला नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, मनोऱ्यावर उभी असताना, कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन काळा झाला. बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, कार्ड काढून घातलं, फुंकरसुद्धा मारून पाहिली. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, सगळं दिसतंय, मेनूही तिथेच उघडतोय, मागचा स्क्रीन मात्र ठार. समोर चित्रबलाकांचा थवा उतरत होता आणि मी कॅमेरा उलटासुलटा करत बसले होते. आठ महिन्यांपूर्वी घेतलेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला पीस, सहा महिन्यांची वॉरंटी जानेवारीत संपलेली. परत येताना निफाडपर्यंत मी तोंड उघडलं नाही. गाडी नवरा चालवत होता. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य ओठांत दाबून धरायला त्याला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं.

तेव्हा हा रिव्ह्यू रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

स्पेसिफिकेशनची उजळणी करत नाही. २०१४ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, सेकंदाला ११ फ्रेम, १७९ फोकस पॉइंट, हे घेणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. माझं बजेट तीस हजार होतं आणि त्यात नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, हलका कॅमेरा) येत नाही. जुना, जड डीएसएलआर याहून स्वस्तात मिळत होता, पण मला मानेचा त्रास आहे. ही बॉडी बॅटरी-कार्डासकट ३४४ ग्रॅम, सोबत येणारी किट लेन्स ११६ ग्रॅम. दोन्ही मिळून अर्धा किलो साखरेपेक्षा थोडं कमी. किट लेन्ससह साडेसत्तावीस हजार मोजले. नंतर ५५-२१० मिलिमीटरची झूम लेन्स एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून नऊ हजारांत घेतली. बजेट तिथेच मोडलं, पण तो वेगळा विषय.

खोका आला. बॉडी खरंच चकाचक, एक ओरखडा नाही. पण व्ह्यूफाइंडरभोवतीची रबराची कडा, म्हणजे आयकप, नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आयकपचं काय घेऊन बसलात. ज्यांना चष्मा नाही त्यांनी हे दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत. आयकप नसला की चष्म्याची काच थेट कडक प्लास्टिकला टेकते. वर ऊन मागून असेल तर त्या फटीतून उजेड शिरतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये धुकं पसरल्यासारखं दिसतं. मी पहिले पंधरा दिवस मुकाट्याने डोळा लावत राहिले आणि एके दिवशी उजव्या काचेवर बारीक अर्धवर्तुळ उमटलेलं दिसलं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, लांबचं-जवळचं एकाच काचेत. चष्मेवाल्याने एका काचेचे तीन हजार दोनशे सांगितले. म्हणजे विकणाऱ्या कंपनीने वाचवलेल्या एका रबराच्या तुकड्यापायी माझा कॅमेरा पहिल्याच महिन्यात तीस हजार सातशेला पडला. हा हिशेब मी त्यांना मेलमध्ये व्यवस्थित मांडून पाठवला. उत्तर आलं की आयकप ही ‘अ‍ॅक्सेसरी’ आहे आणि ‘लाइक न्यू’ ही ग्रेड फक्त बॉडीला लागू होते. मग चाकांशिवाय सायकल विकून ‘फ्रेम मात्र लाइक न्यू’ म्हणायचं का?

ओरिजिनल आयकपची किंमत बघून मी तो टॅब बंद केला आणि ३९९ चा डुप्लिकेट मागवला. हा वरून सरकवून बसवायचा प्रकार आहे, त्याला स्क्रू-बिक्रू काही नाही. बॅगेत घालताना-काढताना निघून येतो. पहिला गंगापूर धरणावर पडला, दुसरा एसटीत. दुसरा पडल्यावर कंडक्टरने सीटखाली टॉर्च मारून शोधला बिचाऱ्याने, पण सापडला तो शेंगदाण्याच्या टरफलांचा ढीग.

मग गेल्या शनिवारी डोकं चाललं. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा मागितला. चाचांनी कॅमेरा हातात घेतला, मापं घेतली, ट्यूब कापली, सोल्युशन लावायला निघाले तेव्हा मी ओरडलेच. नुसता ताणून बसवला. असा घट्ट बसला म्हणता! डोळ्याला मऊ, उजेड बंद, पडायची भीती नाही. “ताई, ह्याचे काय पैसे घ्यायचे,” म्हणाले. वीस रुपये बळेच दिले. आठ महिन्यांत या कॅमेऱ्यावर केलेला हा एकमेव खर्च, जो करताना पोटात दुखलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी स्क्रीन गेला. नशीब म्हणतात ते हेच.

बाकीच्या तक्रारी आता उरकते. सोबत आलेली बॅटरी डुप्लिकेट निघाली, वर ओरिजिनलसारखं स्टिकर. सोनीच्या आकड्यानुसार स्क्रीन वापरून ३६० फोटो निघायला हवेत, माझे पावणेदोनशेला दम टाकतात. एक समाधान आहे की हा कॅमेरा जुन्या अँड्रॉइडच्या मायक्रो यूएसबीवर चार्ज होतो. ती वायर प्रत्येक मराठी घरात फ्रिजवरच्या टोपलीत असतेच. पॉवर बँक लावून गाडीत चार्ज करते.

शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा. जाहिरातीत ‘दहा हजारांच्या आत’ होतं. सोनीच्या मूळ जेपेग फाइलमध्ये हा आकडा लपलेला असतो, एडिट न केलेला फोटो टाकला की तो वाचून दाखवणाऱ्या सोयी ऑनलाइन फुकट मिळतात. माझा निघाला ३१,४१२. खोका उघडल्यावर पहिलं काम हे करा, दुसरं आयकप बघा. मी दोन महिन्यांनी केलं, तोवर परत करायची मुदत उलटली होती. तेव्हापासून शटर दाबताना रॉकेलच्या रेशनसारखं वाटतं. एक बगळा उडाला की तीन सेकंदांत तेहतीस फोटो. बगळा तोच, काउंटर तेहतीसने पुढे.

पण खोटं कशाला बोलू, तो उडता बगळा मला याच कॅमेऱ्याने मिळाला. फोकस या किमतीत अजूनही तोडीस तोड आहे. बारा वर्षांपूर्वीचं यंत्र आहे यावर विश्वास बसत नाही. सकाळच्या उजेडात, मोकळ्या आभाळात पक्षी सुटत नाही. मागे झाडी असली की मात्र कॅमेरा पक्षी सोडून बाभळीच्या प्रेमात पडतो. २१० मिलिमीटर लेन्स या सेन्सरवर ३१५ सारखी दिसते. नांदूरमध्यमेश्वरला पाणी मनोऱ्यापासून लांब असतं, तिथे ती तोकडीच पडते. जांभळ्या पाणकोंबड्या काठाला येतात, त्यांच्यावर समाधान मानायचं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हवेत तर मोठी लेन्स घ्या किंवा कुणाची तरी दुर्बीण मागून बघा.

बर्स्ट मारला, म्हणजे एका दमात सलग फोटो काढले, की कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो बघता येत नाहीत, मेनू उघडत नाही. टचस्क्रीन नाही, याचा मला काही त्रास नाही. मला ऑटो आयएसओचा, म्हणजे उजेडाप्रमाणे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवण्याचा, त्रास झाला. किमान शटर स्पीड ठरवून देता येत नाही, किट लेन्सवर कॅमेरा आपला १/६० सेकंदाला चिकटून बसतो. भाचीच्या अरंगेत्रमचे सगळे फोटो असे आले की चेहरा स्वच्छ आणि हात म्हणजे उदबत्तीचा धूर. वहिनींनी अजून अल्बम मागितलेला नाही, यातच काय ते समजा. उपाय सोपा आहे : मोड एमवर (मॅन्युअल) ठेवा, शटर आपण ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा. मी पक्ष्यांना १/१००० आणि नाचाला १/२५० धरते. हे मला अरंगेत्रमच्या आधी कळायला हवं होतं.

तर, स्क्रीन. रविवारी दुपारपासून मंगळवारपर्यंत त्या कंपनीला माझ्या पाच मेल गेल्या, दोन वेळा फोन. फोनवरचा मुलगा दर वाक्याला “मॅम, मी समजू शकतो” म्हणतो आणि एकदाही समजत नाही. वॉरंटी संपली, पिकअप होणार नाही, तपासणीचे नऊशे भरा, दुरुस्तीचं नंतर सांगू. दुमडणाऱ्या स्क्रीनची आतली पट्टी झिजते असं वाचलं होतं, तेच झालं असणार. ३१ हजार शॉट झालेला पीस दहा हजारांचा म्हणून विकलात, आधीच्या माणसाने तो स्क्रीन किती वेळा उघडझाप केला असेल, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, “मॅम, मी समजू शकतो.”

पाचपैकी दोन स्टार. तेही बगळ्यासाठी.

*

वरचं सगळं बुधवारी लिहून ठेवलं होतं. आज रविवार आहे. खोडत काहीच नाही, पण पुढचं सांगणं भाग आहे.

नऊशे रुपये त्यांना देण्यापेक्षा तेवढ्यात मुंबईला जाऊन येते, असं ठरवून काल पंचवटी एक्स्प्रेस पकडली. सीएसएमटीला उतरून चालत बोराबाजार. कॅमेऱ्याच्या जुन्या दुकानांची ती गल्ली माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली, त्यांचा फिल्मचा कॅमेरा तिथेच दुरुस्त व्हायचा. विचारत विचारत एका जिन्याखालच्या दुकानात पोचले. सत्तरीचे काका, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. मी सगळी कहाणी सुरू केली : रिफर्बिश्ड, शटर काउंट, आतली पट्टी, मॅम मी समजू शकतो. काकांनी मान हलवत कॅमेरा घेतला, चालू केला, एकदा उलटा करून पाहिला. मग अंगठ्याच्या नखाने माझी सायकलची ट्यूब दोन मिलिमीटर बाजूला सरकवली.

स्क्रीन लख्ख लागला.

“ताई,” काका म्हणाले, “डोळा झाकला होता त्याचा.”

व्ह्यूफाइंडरच्या खिडकीशेजारीच एक छोटासा सेन्सर असतो. आपण डोळा लावला की त्याला कळतं आणि तो मागचा स्क्रीन बंद करून चित्र आत पाठवतो. शनिवारी चाचांकडे बसवला तेव्हा ट्यूब बरोबर होती. रात्री बॅगेत कोंबताना सरकली आणि त्या सेन्सरवर जाऊन बसली. कॅमेऱ्याला वाटलं, बाई अजून डोळा लावूनच उभ्या आहेत. आठवडाभर त्याला तसंच वाटत होतं. हे सेन्सरचं मला माहीत नव्हतं असंही नाही. डोळा लावला की स्क्रीन बंद होतो हे मी आठ महिने रोज बघतेच आहे.

काकांनी ब्लेडने ट्यूबला सेन्सरपुरती एक खाच मारून दिली. शिवाय मेनूत फाइंडर-मॉनिटर असा पर्याय आहे, तो ऑटोवरून मॉनिटरवर टाकला तर काहीही झाकलं तरी स्क्रीन चालू राहतो, हेही दाखवलं. व्ह्यूफाइंडरमध्ये मेनू दिसत असताना मी हे रविवारीच करून पाहू शकले असते. तुमचा स्क्रीन असा काळा झाला तर पंचवटी पकडण्याआधी तेवढं बघा. पैसे विचारले तर म्हणाले, चहा सांगा. चहा पिताना मी आयकप आहे का विचारलं. त्यांनी एक खण ओढला, त्यात निदान शंभर आयकप असतील, निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे. याचा एकही नव्हता. “ह्याचा टिकत नाही ताई. सगळ्यांचाच पडतो. आमच्याकडे आला की दुसऱ्या दिवशी जातो.” मग ट्यूबवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “हे कुठे केलंत?” मी कोपऱ्यावरच्या चाचांचं सांगितलं. येताना गाडीत मी एकटीच हसत होते, समोरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

आता स्टारचं काय करायचं ते मला कळत नाही. कॅमेऱ्याला चार. एक ऑटो आयएसओचा कापला, त्यात अरंगेत्रम धरलेलं आहे. विकणाऱ्यांना मी अजूनही दीडच्या वर जात नाही. स्क्रीन त्यांचा दोष नव्हता हे मान्य. पण बॅटरी, शटर काउंट आणि आयकप हे तिन्ही त्यांचेच, आणि त्या तिघांतला शेवटचा नसता तर बाकीचं रामायण झालंच नसतं. नवऱ्याला मी फक्त ‘दुरुस्त झाला’ एवढंच सांगितलं आहे. किती लागले विचारलं तर म्हटलं, पंचवटीचं भाडं आणि दोन चहा.

काल रात्री घरी येऊन बघते तर कंपनीची मेल : ‘विशेष बाब म्हणून’ पिकअप मंजूर, तपासणी शुल्क माफ. माझ्या पाच मेलमध्ये ग्राहक मंचाचा उल्लेख तीन वेळा आलेला होता, त्यामुळे थोडं ओशाळल्यासारखं झालं. दोनदा लिहून खोडलं आणि शेवटी एवढंच पाठवलं : स्क्रीन सुरू झाला आहे, पिकअप रद्द करा, आयकप पाठवा.

आज सकाळी उत्तर आलं. तीनशे रुपयांचं कूपन दिलं आहे, पाच हजारांच्या वरच्या खरेदीवर चालणारं.