मटण सोडायचंय, पण कोणत्या वाटेनं? वार, माळ, जैन की व्हीगन

मटण सोडायचं मनात आलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, ‘मग रश्शाचं काय?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की थांबायचं कुठं? नुसतं मटण-चिकन बंद, की अंडीही? कांदा-लसूणही? दूधही? ज्या घरात रोज म्हशीचं दूध येतं आणि उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणतात, तिथं या थांब्यांत फार अंतर आहे.

आमच्या घरात हे सगळे थांबे एकाच ओट्यावर आलेत. मोठ्या दिरांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीनं दूधसुद्धा सोडलं, ती महिन्यातून एकदा येते. मिस्टरांनी बुधवार बंद करून रविवार तेवढा ठेवलाय. शेजारच्या वहिनी शिरोळकडच्या जैन कुटुंबातल्या, त्यांच्या पर्वाच्या दिवसांतला स्वयंपाक मी वर्षानुवर्षं पाहत आले. रांधते मीच, म्हणून हे चुलीपाशी उभं राहून लिहितेय असं समजा.

वार पाळणं

सर्वांत सोपी वाट हीच, आणि आपल्याकडे ती आधीपासून आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, श्रावण, नवरात्र असे दिवस वजा केले तर बऱ्याच घरांत वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस मांसाविनाच जातात. जगातही ही रीत जुनी आहे. जपानच्या तेन्मु सम्राटानं 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली, ती चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंतच, म्हणजे भातशेतीच्या दिवसांत. हरीण आणि रानडुक्कर त्या यादीत नव्हतेच. अशोकानं तर टप्प्याटप्प्यानं सोडलं. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी त्याच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, आणि पुढं हे तीनही मारले जाणार नाहीत.

या वाटेची खोड एकच. बुधवार बंद झाला की रविवारचं पातेलं मोठं होतं. आमच्याकडे पहिले दोन महिने तसंच झालं, अर्ध्या किलोचं पाऊण किलो कधी झालं कळलंही नाही. म्हणून वाराबरोबर वजनही ठरवा. अशोकाच्या लेखातला तो ‘तीन’ हा आकडा मला म्हणूनच आवडतो. मनात ‘कमी करतोय’ म्हणणाऱ्याचं कमी होत नाही.

माळ

माळकरी झालं की मांस-मच्छी आणि दारू बंद. एकादशी धरायची. दूध, दही, तूप चालतं. कांदा-लसूण बहुतेकांना एरवी चालतो, चातुर्मासात पुष्कळ जण सोडतात, म्हणून तर त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून पोटभर कांदाभजी खायची. कोल्हापुरी स्वयंपाकघराला सर्वांत कमी हलवणारी वाट हीच. वाटण तेच, चटणी तीच, फोडणीही तीच.

तिचं खरं बळ मात्र वेगळंच आहे. माळ गळ्यात दिसते. लग्नाकार्यात, जत्रेत, यात्रेत ‘अहो एक फोड घ्या की’ म्हणणारा माणूस माळ बघून गप्प बसतो. वार पाळणाऱ्याला ही सोय नाही. चारचौघांसमोर दिलेल्या शब्दाचं बळ गांधीजींच्या गोष्टीतही दिसतं. विलायतेला जाण्याआधी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढं आणि आईसमोर मांस न खाण्याची शपथ घेतली. 1888 साली लंडनला पोचल्यावर त्यांची उपासमार झाली, पण त्या शब्दामुळं ते हलले नाहीत. पुढं फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली तेव्हा कुठं पोटभर जेवले. त्या शहरात अशी खानावळ होती, कारण इंग्लंडात 1847 सालीच रॅम्सगेटला ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ निघाली होती. त्याआधी युरोपात अशा जेवणाला पायथागोरसच्या नावानं ओळखत.

घरातल्यांसाठी एक सांगते. दिरांनी माळ घातल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात मसुराचा रस्सा केला, आणि घाईत तांबड्या रश्शातली पळी त्यात बुडवली. ते काही बोलले नाहीत. ताट बाजूला सरकवलं आणि ताकभात खाऊन उठले. मला रात्रभर ते ताट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून नवी पळी आणि झारा आणला, दांड्याला लाल दोरा बांधला. माळ एकाची असली तरी पळी सगळ्या घराला सांभाळावी लागते, हे आधीच बोलून घ्या.

जैन पद्धत

इथं प्रश्न मांसापाशी थांबत नाही. जमिनीखाली वाढणारी कंदमुळं सगळी गेली: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. सूर्यास्तानंतर जेवण नाही. आपल्याकडच्या पुष्कळ शेतकरी जैन घरांत रोज कांदा चालतो, पण अष्टमी-चतुर्दशीला, दशलक्षण पर्वात नियम कडक होतात. शेजारच्या वहिनींचा त्या दिवसांतला रस्सा मी चाखलाय. कांद्याऐवजी टोमॅटो, भाजलेले तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं आणि चिमूटभर हिंग. रंग आमच्यासारखाच, चव निराळी, पण अंगानं अजिबात पातळ नाही.

कांदा-लसूण टाळण्याचा हा नियम आपलाच आहे असं मला वाटायचं. तसं नाही. चीन-जपानच्या बौद्ध मठांतही लसूण, कांद्याची पात यांसारख्या पाच उग्र भाज्या वर्ज्य आहेत. चीनमध्ये 502 ते 549 या काळात राज्य करणाऱ्या ल्यांग घराण्याच्या वू सम्राटानं भिक्षूंना मांस आणि मद्य दोन्ही सोडायला लावलं, आणि त्या मठांतून टोफू अन् गव्हाच्या चिकापासून केलेलं खोटं मांस यांची मोठी परंपरा तयार झाली. जपानमध्ये दोगेन या झेन गुरूनं 1237 साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या रश्श्याचा पाया समुद्रातलं कोम्बू शेवाळ आणि वाळवलेलं शिताके मशरूम. हाडाशिवाय रश्श्याला अंग कसं द्यायचं, हा प्रश्न त्यांनी आपल्या कितीतरी आधी सोडवला.

तुमच्या घरात ही पद्धत जन्मापासून नसेल, तर एकदम यात उडी घेऊ नका असं मी म्हणेन. मांस आणि कांदा-लसूण एकाच महिन्यात सोडणारे मी तिघं पाहिले, तिघेही दिवाळीपर्यंत परत फिरले. आधी मांस सुटू दे, जीभ स्थिरावू दे.

व्हीगन

1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी दूध आणि अंडीही सोडणाऱ्यांसाठी वेगळी संस्था काढली आणि ‘व्हेजिटेरियन’ शब्दाची पहिली-शेवटची अक्षरं जोडून ‘व्हीगन’ हा शब्द केला. विचार मात्र त्याहून जुना. गांधीजींनी 1912 साली दूध सोडलं, पुढं मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावरून शेळीचं दूध घेतलं, कारण व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती. ती टोचणी त्यांना कायम राहिली.

गंगावेशीत म्हशीची धार काढून तिथंच पेला हातात देतात, त्या गावात दूध सोडणं हे मटण सोडण्याहून अवघड. चहा, ताक, तूप, खरवस, सणाची बासुंदी, सगळीकडे नाही म्हणावं लागतं. भाची आली की सुरुवातीला आम्ही महागडी पाकिटं आणायचो. मग तिनंच इथिओपियातलं जेवण दाखवलं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवार-शुक्रवार आणि लांबलचक उपवासांचे दिवस धरून वर्षातले 180 हून अधिक दिवस मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत. त्या दिवसांत काय करतात? बेरबेरे या तिखट मसाल्यातली लाल मसुराची आमटी आणि ‘शिरो’, म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचं कालवण. आपलं पिठलंच की! कांदा आधी तेलाशिवाय कोरडाच खूप वेळ परततात, मग तेल घालतात. ही युक्ती मी उचलली, आमटीला गोडवा येतो आणि तेल निम्मं लागतं. तेव्हा व्हीगन व्हायचं तर पिठलं, झुणका, आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी यांवरच उभं राहा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या: बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध पिणाऱ्याला थोडं मिळतं, व्हीगन माणसाला गोळी लागतेच. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, हयगय नको.

आणि बाहेर खाताना अंड्याचं आधीच ठरवा. आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे अंडं नाही, पण इंग्लंडात शाकाहारी म्हणवणारे पुष्कळ जण अंडी खातात.

आता रश्शाचं

आपल्या तांबड्यातली बहुतेक चव वाटणात आणि चटणीत आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, सगळं झाडाचंच. कमी पडतात दोन गोष्टी, चावायला फोड आणि हाडाचं पाणी.

फोडीसाठी पुष्कळ जण सोयाबीनच्या वड्यांकडे वळतात. सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरलेल्या पिठाच्या या वड्या, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं. पोषणात यांच्या जवळ कोणी नाही. पण मिठाच्या पाण्यात उकळून, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळून, मग तेलावर परतल्याशिवाय त्यांचा उग्र वास जात नाही. तेवढी मेहनत करणार नसाल तर घालूच नका.

कच्च्या फणसाची फोड मटणाच्या सर्वांत जवळची, रेषा तशाच सुटतात. हाताला तेल लावून चीक सांभाळत कापा, दोन शिट्ट्या पुरे. प्रथिनं मात्र नावालाच, आणि मिळतो तो उन्हाळ्यापुरता. मशरूमचंही तेच, चव उत्तम, पोषण थोडं. पावसाळ्यात रानातली अळंबी मिळाली तरी ओळखणाऱ्याच्या हातची नसेल तर नको. पनीर माझ्या मते तांबड्यात उपराच वाटतो, तिखट आत शिरत नाही.

रोजच्यासाठी माझी पसंती अख्ख्या मसुराला. कोरड्या शंभर ग्रॅमला चोवीसेक ग्रॅम प्रथिनं, बारा महिने मिळतो, आणि चटणी तो अशी ओढून घेतो की दुसऱ्या दिवशी रस्सा आणखी चढतो. महिन्यातून दोनदा, पाहुणे आले की सोया किंवा फणस.

पाण्याचं उत्तर आपल्याच घरात होतं. पुरणाच्या दिवशी आपण डाळीचा कट काढून आमटी करतो, तसंच मसूर किंवा काळा घेवडा शिजवलेलं पाणी ओतून न देता रश्शात घ्या. पांढऱ्यासाठी ते चालत नाही, रंग बिघडतो. त्याला काबुली चणे रात्रभर भिजवून, मऊ शिजवून त्यांचं पाणी घेते. त्यात काजू-खसखस-तिळाचं वाटण, दोन लवंगा, वेलदोडा, पांढरी मिरी, आणि शेवटी नारळाचं घट्ट दूध घालून गॅस बारीक करायचा, उकळी येऊ द्यायची नाही. दीर वाटीभर पिऊन पुन्हा वाटी पुढं करतात. फोडणी तुपाऐवजी तेलाची दिली तर तेच पातेलं भाचीपुढंही ठेवता येतं.