प्रिसिजन बेसवरची क्रोम कव्हरं: काही महिने वाजवल्यानंतर

ब्रिजवर (तारा जिथे अडकवतात तो भाग) एक कव्हर, पिकअपवर (तारांचा कंप टिपणारा भाग) एक आणि अंगठ्यासाठी थंब रेस्ट, असं तिन्ही मी माझ्या प्रिसिजनवर, म्हणजे फेंडर कंपनीने आणलेल्या मॉडेलच्या बेस गिटारवर, बसवलं ते निव्वळ दिसायला छान म्हणून. आज ब्रिजचं कव्हर आणि थंब रेस्ट जागेवर आहेत, पिकअपचं कव्हर मात्र काढून ठेवलंय.

आधी ब्रिजच्या कव्हरबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. जुन्या फेंडर बेसवर या कव्हरच्या आतल्या बाजूला फोमची पट्टी चिकटवलेली असायची. कव्हर बसलं की ती सॅडलजवळ (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तारांवर दाबली जायची. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनने आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर हे कव्हर आणि त्यातला फोम तसाच ठेवला होता, तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत. मीही फोम लावला. सूर उमटतो, भरीव लागतो आणि लगेच विरतो. ड्रमरच्या किकबरोबर वाजवताना प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. फोम जाड झाला तर मात्र सूर पार मरतो. म्हणून पातळ पट्टीपासून सुरुवात करा, आणि कव्हर बसवल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासा. एक गैरसोय आहेच: तळहाताच्या कडेने म्यूट करायची (सूर दाबायची) जागा कव्हरखाली जाते. इंटोनेशन (तार कुठेही दाबली तरी सूर बरोबर लागणं) जुळवायचं तरी आधी कव्हर उतरवावं लागतं. शिवाय तुमच्या बेसवर जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या ब्रिजऐवजी जाडजूड ब्रिज असेल तर विकत घेण्याआधी लांबी, रुंदी, उंची नीट मोजा.

पिकअपचं कव्हर दिसायला तिन्हींत देखणं, पण ते नेमकं माझी बोटं पडतात तिथेच येतं. मग हात नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) बाजूला सरकतो आणि आवाज गोल, मऊ होतो. संथ गाण्यांना तो शोभतो. पण मला पिकअपवरचा कणखर आवाज हवा असतो, आणि जोरात वाजवलं की सर्वांत जाड ‘ई’ तार कव्हरला आतून लागून खणखणायची. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवणाऱ्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये.

थंब रेस्ट पूर्वी ‘जी’ या सर्वांत बारीक तारेच्या बाजूला असायचा. अंगठ्याने वाजवायचं आणि बाकीची बोटं त्यावर अडकवायची, अशी ती रचना. सत्तरच्या दशकात फेंडरने तो ई तारेच्या बाजूला नेला. मी तिथेच बसवलाय. पिकअपच्या कडेवर अंगठा दुखायचा, तो आता दुखत नाही.

भोकं पाडताना घाई नको. आधी मास्किंग टेप लावून खूण करा. पॉलिएस्टर फिनिश (लाकडावरचा चकचकीत लेप) असेल तर वरचा थर ड्रिल उलटा फिरवून हळूहळू कापा, म्हणजे टवका उडत नाही. मग लाकडात स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावलं की तो सहज जातो. भोकं नकोत म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरणार असाल तर नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) फिनिशवर ती लावू नका, फिनिश खराब होऊ शकतं.

क्रोमवर घामाचे डाग पडतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसतो. कव्हरच्या कडेखाली पातळ फेल्ट घातल्यापासून त्याची थरथरही बंद झालीय.