घरी पाइप करायचं किट: लाकूड झकास, स्टेमने घात केला

तंबाखूच्या पाइपच्या तुटलेल्या स्टेमवरून (तोंडात धरायच्या नळीवरून) किटच्या कंपनीशी सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. किट नेहमीचंच: आयती भोकं पाडलेला ब्रायरच्या लाकडाचा ठोकळा (याचीच तंबाखू भरायची वाटी होते), ॲक्रिलिकचा स्टेम, थोडा पॉलिश पेपर, मेणाची डबी. होळीनंतर घेतलं. मी स्वतः ओढत नाही. बडोद्यात दांडिया बाजारातले आमचे काका ओढतात, आणि मला कानस चालवायला निमित्त लागतं.

लाकडाबद्दल आधी सांगतो, कारण तिथे तक्रार नाही. उन्हाळाभर मी ज्याला त्याला ऐकवत होतो की मुठीएवढ्या ठोकळ्यासाठी साडेतीन हजार ही लूट आहे, आपला शिसम काय वाईट? शिसमाचा एक पाइप केलाही. धुळीने नाक चोंदलं, हातावर पुरळ उठलं, आणि काका म्हणाले, "वाटी हातात धरवत नाही रे, आणि धुराला कपाटाचा वास येतो." ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी येणारी गाठ. ती पोसायला कित्येक वर्षं जातात. मग ती तासन्‌तास पाण्यात उकळून आतला चीक काढतात आणि महिनोन्‌महिने सुकवतात. भाव अजूनही टोचतो, पण लूट म्हणणार नाही.

हत्यारांवर फार खर्च करू नका. अर्धगोल कानस, टेबलाला आवळायचा छोटा व्हाइस आणि २२० ते ८०० नंबरचे पॉलिश पेपर बाहेरून घ्या. किटमधल्या पेपरांना पहिल्याच संध्याकाळी टक्कल पडलं. वाटीला आतून ताकात कोळशाची पूड (औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूलमधली) कालवून लेप दिला, तो मस्त बसला. बाहेरून फक्त कार्नौबा मेण. शेजारी म्हणत होते, लाखेच्या झोपाळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्याच्या खराद्याकडून लाखेचं काम करून घ्या. झोपाळ्यावर ती लाख शोभते. तापणाऱ्या वाटीवर मऊ पडेल.

आता स्टेम. आला तेव्हा आवडला होता. काळा कुळकुळीत, एबोनाइटसारखा (गंधक घालून कडक केलेल्या रबरासारखा) उन्हाने हिरवट-तपकिरी पडत नाही, तोंडात गंधकाची चव येत नाही. पण लाकडात शिरणारं त्याचं टोक, तो कुसू, नीट बघा. बाहेरून ८ मिमी, मधून ४ मिमीचं धुराचं भोक, म्हणजे भिंत उरली जेमतेम २ मिमी. त्यात कुसू स्टेमला मिळतो तो कोपरा अगदी काटकोनात कापलेला. ॲक्रिलिक मुळात ठिसूळ, सगळा ताण त्या कोपऱ्यावर. तिथे अर्ध्या मिलिमीटरची गोलाई आणि लाकडातल्या भोकाच्या तोंडाला तेवढीच उतरती कड दिली असती तर सांधा टिकला असता. कारखान्यात याला असा किती वेळ लागतो? पावसाळ्यात ब्रायर फुगला, सांधा आवळला. काकांनी साफ करायला स्टेम फिरवला (पाइप गार होता, गरम असताना स्टेम काढू नये हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे) आणि कट्! बरोबर त्याच कोपऱ्यात.

कंपनीचं उत्तर: ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, तंबाखू जळणार तर वाफ होणारच, पाइपमध्ये ओलावा नाही तर काय येणार? कोपऱ्यावर बाण काढून फोटो पाठवले. मग नवा स्टेम देऊ केला, नऊशे रुपयांना, कुरिअरचे वेगळे. तोच काटकोनी कोपरा!

इलाज निघाला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत. इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या दुकानात नवा कुसू करायला डेल्रिन या चिवट प्लास्टिकची कांडी मागितली. दुकानदाराने कोपऱ्यातून वीतभर तुकडा उचलला, "आ पड्यो छे, लई जाव" (हा पडलाय, घेऊन जा). पैसे घेतले नाहीत. अडकलेला कुसू काढायला पाइप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला, मग धुराच्या भोकात स्क्रू आवळून पकडीने ओढला. सुळकन बाहेर. स्टेमचं तोंड सपाट करून मधोमध भोक पाडलं. हे मात्र लेथवरच करून घ्या, हातातल्या ड्रिलने वाकडं जातं आणि स्टेम तिरका बसतो. डेल्रिनच्या कांडीतही ४ मिमीचं भोक तिथेच पाडून घेतलं. लेथवाल्याचे दीडशे झाले. डेल्रिनला खाचा पाडून एपॉक्सी लावली, कारण गुळगुळीत डेल्रिनला गोंद धरत नाही. नवरात्रात बसवलेला सांधा संक्रांत उलटली तरी ढिम्म हललेला नाही. काका तो रोज काढतात, घालतात.

आता त्यांना चर्चवॉर्डन, म्हणजे लांब स्टेमचा पाइप हवाय. किट घेणार नाही. नुसता ठोकळा मागवीन आणि फाउंटन पेनवाले वापरतात ती एबोनाइटची कांडी. ती गरम करून वाकवता येते, हिरवट पडली तर टूथपेस्टने घासता येते. अडचण एवढीच की इतक्या लांब कांडीत ४ मिमीचा ड्रिल बिट अर्ध्यावर भरकटतो. न भरकटणारा लांब बिट बडोद्यात कुठे मिळत असेल तर सांगा, ऑनलाइनचे भाव मी बघितलेत.